हायड्रोग्राफीत नवीन येताय? आकडा वाचायच्या आधी त्याचं शून्य विचारा

सिव्हिलचा डिप्लोमा किंवा जिऑग्राफी, जिओइन्फर्मेटिक्स करून हायड्रोग्राफिक सर्व्हेच्या, म्हणजे समुद्र-खाडीच्या तळाची खोली मोजायच्या, लाइनला येणारी मुलंमुली मला सगळ्यात जास्त वेळा हेच विचारतात की ताई, हे एवढे शब्द पाठ कसे करायचे. माझं सरळ उत्तर, पाठ करूच नका, निदान एवढ्यात तरी नको. आयएचओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय हायड्रोग्राफिक संघटना, तिचा एस-३२ नावाचा अख्खा शब्दकोश आहे, तो लागेल तेव्हा उघडून बघायचा असतो, वहीत उतरवून काढायचा नसतो. मी सुरुवातीला वहीच भरवली होती आणि तरी साइटवर गेल्यावर कोण काय बोलतंय ते कळायचं नाही, कारण शब्दाचा अर्थ माहीत असणं आणि समोरच्या आकड्यात तो शब्द कुठे दडलाय ते दिसणं ह्यात फार अंतर आहे. इको साउंडर म्हणजे काय, जीएनएसएस म्हणजे काय, भरती-ओहोटी का होते, हे तुम्हाला येतं असं धरून चालते. मला बोलायचंय ते डेटमबद्दल, म्हणजे कुठलाही आकडा मोजायला सुरुवात कुठून केली त्या शून्याबद्दल. बाकी सगळं कामावर आपोआप शिकता येतं, हे नाही येत, आणि हे चुकलं तर जहाज तळाला लागतं.

जमिनीवरच्या सर्व्हेतून आलेल्या माणसाच्या डोक्यात शून्य म्हणजे मीन सी लेव्हल, एमएसएल, हे इतकं घट्ट बसलेलं असतं की दुसरं काही असू शकतं हे सुचतच नाही. सर्व्हे ऑफ इंडियाची लेव्हलिंगची जुनी बेंचमार्कं, म्हणजे उंची ठरवून दिलेल्या पक्क्या खुणा, १९०९ च्या व्हर्टिकल डेटमवर आहेत, आणि तो डेटम तेव्हाच्या भारतातल्या नऊ बंदरांच्या सरासरी समुद्रपातळीवर बांधलेला होता. आपण ऑटो लेव्हल लावून तेच शिकलो. पण चार्टवरची, म्हणजे जहाजांच्या सागरी नकाशावरची, खोली एमएसएलपासून नसते, ती चार्ट डेटमपासून असते, आणि चार्ट डेटम मुद्दाम ओहोटीच्या खूप खालच्या पातळीला घेतात, म्हणजे चार्टवर ४ मीटर लिहिलंय तर जवळपास कधीही गेलात तरी तेवढं पाणी मिळावं. जहाजवाल्याला सरासरीचं काही घेणंदेणं नसतं, कमीत कमी किती पाणी असेल तेच त्याला हवं असतं.

इथवर सगळ्यांना पटतं. लोक अडकतात ते पुढे. मी एका खाडीच्या ड्रेजिंगच्या, म्हणजे गाळ उपसून खोली वाढवायच्या, कामावर होते, त्या कंपनीने आम्हाला बेंचमार्कचा एक कागद दिला होता, त्यावर वर्णन होतं, फोटो होता, आणि आकडा होता ३.२१५. बस. कशापासून ३.२१५ ते कुठेच नाही. जेटीवरच्या ड्रॉइंगमध्ये एक लेव्हल, आधीच्या सर्व्हेच्या शीटवर वेगळी, आणि दोन्ही शीटवर कोपऱ्यात नुसतं "ऑल लेव्हल्स इन मीटर्स". आम्ही कितीतरी वेळ हीव्हमध्ये (बोटीचं वरखाली होणं), ड्राफ्टमध्ये (पाण्याखाली किती बुडालंय ते), साउंड व्हेलॉसिटीमध्ये (आवाजाचा पाण्यातला वेग) चूक शोधत बसलो, मशीनवर संशय घेतला, आणि फरक होता तो फक्त शून्याचा. त्या दिवसांत मी रडकुंडीला आले होते हे खरं सांगते, कारण शिकवताना कोणी एकदाही म्हणालं नव्हतं की दोन माणसं दोन्ही बरोबर मोजून दोन वेगळे आकडे काढू शकतात.

म्हणून हे आकड्यांनीच बघू. मुंबईच्या अपोलो बंदरला चार्ट डेटमच्या वर एमएसएल आहे २.५१ मीटर, उधाणाच्या सरासरी भरतीची पातळी, म्हणजे एमएचडब्ल्यूएस, ४.४२, आणि उधाणाच्याच सरासरी ओहोटीची, एमएलडब्ल्यूएस, ०.७६. भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा, हेच ३.३० आणि १.८६. हे आकडे तुम्हाला मुंबईच्या जवळपास प्रत्येक किनारी प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये दिसतील. आता समजा तुमची लाँच तिथेच जवळ उभी आहे. साउंडरचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग, तळापर्यंत ५.६२ दाखवतोय. ट्रान्सड्यूसर पाण्याखाली ०.६५ बुडालेला आहे, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागापासून तळ ६.२७. त्याच मिनिटाला टाइड पोलवर, म्हणजे पाण्यात उभ्या केलेल्या मोजपट्टीवर, चार्ट डेटमपासून २.३८ वाचलं. ६.२७ वजा २.३८, खोली ३.८९. चार्टवर जायचा आकडा हा.

आता त्याच जागी, त्याच मिनिटाला, दुसऱ्या टीमने टाइड पोलचं शून्य एमएसएलच्या बेंचमार्कवरून बसवलंय. त्यांच्या पोलवर पाणी येईल उणे ०.१३, कारण पाणी एमएसएलच्या तेवढं खाली आहे. ६.२७ वजा उणे ०.१३, म्हणजे ६.४०. त्यांनी काहीच चुकीचं मोजलेलं नाही. पण त्यांची शीट कोणी चार्ट डेटमची समजून वाचली तर ३.८९ च्या जागी ६.४० मीटर पाणी आहे असं वाटणार, आणि अडीच मीटर जे नाहीच त्याच्या भरवशावर कोणीतरी बोट आत घालणार. ड्रेजिंगमध्ये हेच झालं तर पैशाचा घोटाळा. एमएसएलपासून ठरवलेली ड्रेजिंग लेव्हल कोणी चार्ट डेटमची धरली तर शंभर बाय शंभर मीटरच्या तुकड्यातच २५,१०० घनमीटर जास्तीचा गाळ कागदावर उगवतो. मग काँट्रॅक्टर आणि क्लायंट भांडतात आणि मधे सर्व्हेअर चेचला जातो.

ह्याहून वाईट आहे ती चिन्हांची भानगड. चार्टच्या दुनियेत खोली खाली धन मोजतात. ओहोटीला उघडा पडणारा भाग चार्टवर आकड्याखाली रेघ मारून दाखवतात, त्याला ड्राइंग हाइट म्हणतात, म्हणजे तो चार्ट डेटमच्या वर किती डोकं काढतो ते. डिजिटल फाइलमध्ये तोच आकडा उणे होतो. समजा १.४ ची ड्राइंग हाइट आहे, खोलीच्या फाइलमध्ये ती उणे १.४. आता तीच जागा जमिनीवरच्या माणसाने एमएसएलपासून वर धन धरून लिहिली तर १.४ वजा २.५१, म्हणजे उणे १.११. बघा, दोन्हीकडे उणे, दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळपास, बघणाऱ्याला वाटतं थोडासाच फरक आहे, सर्व्हेच्या एररमध्ये बसतो. पण एका उणेचा अर्थ शून्याच्या वर आणि दुसऱ्याचा शून्याच्या खाली! मला हे कळायला फार वेळ लागला आणि अजूनही कुठलीही एक्सवायझेड फाइल (जागा आणि खोलीच्या आकड्यांची) हातात आली की मी आधी एक माहितीतला उघडा पडणारा खडक शोधते आणि त्याचं चिन्ह बघते, मगच पुढचं. तुम्हीही हीच सवय लावून घ्या. फाइलच्या नावावर, हेडरवर, फोनवर कोणी काय म्हणालं त्याच्यावर विसंबू नका.

चार्ट डेटम तरी एकच आहे का, तर तसंही नाही. भारतात पूर्वापार जो वापरतात तो इंडियन स्प्रिंग लो वॉटर, आयएसएलडब्ल्यू. जॉर्ज डार्विन यांनी भारतीय समुद्राच्या भरती-ओहोटीचा अभ्यास करून तो सुचवला. काढायची रीत सोपी आहे, एमएसएलमधून एम२, एस२, के१ आणि ओ१ ह्या चार घटकांच्या अ‍ॅम्प्लिट्यूडची बेरीज वजा करायची. एम२ आणि एस२ हे चंद्र आणि सूर्याचे दिवसातून दोनदा येणारे घटक, के१ आणि ओ१ हे दिवसातून एकदा येणारे. आयएचओची शिफारस मात्र जिथे भरती-ओहोटी ठळक आहे तिथे लोएस्ट अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल टाइड, एलएटी, वापरायची आहे, म्हणजे सरासरी हवामान धरून नुसत्या खगोलीय गणिताने किमान १९ वर्षांत जी सगळ्यात खालची पातळी येईल ती. हे दोन सारखे नाहीत. आणि दोन्हीपैकी कुठल्याच पातळीखाली पाणी कधीच जात नाही असंही नाही, अपोलो बंदरला चार्ट डेटमच्या ०.४६ खालपर्यंत पाणी गेल्याची नोंद आहे. त्यामुळे "चार्ट डेटम म्हणजे सगळ्यात कमी पाणी" असं जे नोट्समध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं ते खोडून टाका.

अजून एक. एकाच चार्टवर सगळ्या आकड्यांचं शून्य एक नसतं. खोल्या आणि ड्राइंग हाइट चार्ट डेटमपासून, दीपगृहाच्या दिव्याची उंची साधारणपणे एमएचडब्ल्यूएससारख्या भरतीच्या पातळीपासून, आणि पुलाखालची मोकळी जागाही भरतीच्याच कुठल्या तरी पातळीपासून. विचार एकच, प्रत्येक आकडा वाईटात वाईट वेळेचा द्यायचा. पुलाखाली एमएचडब्ल्यूएसपासून १२ मीटर लिहिलंय आणि पाणी त्या वेळी डेटमच्या २.०० वर आहे, तर प्रत्यक्षात १४.४२ मिळणार. कुठल्या उंचीला कुठली पातळी ते चार्टच्या टायटलखालच्या बारीक मजकुरात असतं. तो मजकूर कोणी वाचत नाही. मी नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात चार्टचा नकाशा बघूच देत नाही, फक्त टायटल ब्लॉक वाचायला लावते.

आणि हल्ली ह्यात तिसरं शून्य आलंय, एलिप्सॉइडचं, म्हणजे पृथ्वीच्या गणिताने मानलेल्या गुळगुळीत आकाराचं. आरटीके, म्हणजे सेंटिमीटरपर्यंत अचूक जीएनएसएस, लावलं की उंची येते ती डब्ल्यूजीएस-८४ च्या एलिप्सॉइडपासून. भारताच्या आसपास जिऑइड (ढोबळमानाने समुद्रपातळीचा पृष्ठभाग) एलिप्सॉइडच्या बराच खाली आहे, श्रीलंकेच्या दक्षिणेला तर शंभर मीटरच्याही खाली, मुंबईलाही साठ मीटरहून जास्त. म्हणून पहिल्यांदा रिसीव्हरवर उणे साठ-बासष्ट बघून घाबरू नका, तुमचा अँटेना बुडालेला नाही. आता टाइड पोल न लावता थेट एलिप्सॉइडवरून खोली काढता येते, त्यासाठी एलिप्सॉइड आणि चार्ट डेटम ह्यातला फरक जागोजाग माहीत असलेलं सेपरेशन मॉडेल लागतं. ते मॉडेल चांगलं असेल तर काम फार छान होतं, मी त्याच्या विरोधात नाही. पण बाहेरून उचललेलं जिऑइड मॉडेल घालून "झालं चार्ट डेटम" म्हणणारी माणसं मी बघितलीत. जिऑइड म्हणजे ढोबळमानाने एमएसएल. म्हणजे फिरून आपण त्याच अडीच मीटरच्या खड्ड्यात.

खाडीत शिरलात की अजून अवघड. अपोलो बंदरचा २.५१ हा आकडा धरमतरला किंवा जयगडला लावायचा नसतो. खाडीत भरती उशिरा पोचते, तिची उंची बदलते, त्यामुळे एमएसएल आणि चार्ट डेटममधला फरकही बदलतो. अशा वेळी जुन्या ठाण्यावर आणि नव्या ठाण्यावर एकाच वेळी टाइड वाचून दोन्हीकडच्या रेंजच्या गुणोत्तरातून डेटम पुढे नेतात, डेटम ट्रान्सफर म्हणतात त्याला. कंटाळवाणं काम आहे. चिखलात उभं राहायचं, रात्री टॉर्च मारून पोल वाचायचा, बोट गेली की लाटेने पाणी वरखाली होतं तेव्हा थांबायचं, मधला आकडा घ्यायचा. पण करा. दहा मिनिटांनी एक असं पोल वाचलेलं माणूस पुढे आयुष्यभर टाइड करेक्शनमध्ये गंडत नाही असं माझं ठाम मत आहे. ज्यांनी फक्त सॉफ्टवेअरमध्ये टाइड फाइल ओढून टाकली त्यांना टाइडचा ग्राफ उलटा लागला तरी दिसत नाही.

हे सगळं वाचून दडपण आलं असेल तर एक सांगते, हे गणित बेरीज-वजाबाकीच्या पलीकडे जात नाही. चौथीच्या पोराला येईल एवढं. अवघड आहे ते विचारणं. साइटवर सगळे घाईत असतात, भरती निघून चालली असते, आणि तुम्ही नवीन, त्यात मुलगी असाल तर अजूनच, आणि तुम्ही विचारताय "सर, हा बीएम (बेंचमार्क) कुठल्या डेटमवर?" विचारा. दोनदा विचारा. लेखी घ्या. मी आता प्रत्येक कामात पहिल्या पानावर एक उभी रेघ काढते, तिच्यावर बेंचमार्क, एमएचडब्ल्यूएस, एमएसएल, चार्ट डेटम, टाइड पोलचं शून्य आणि एलिप्सॉइड, प्रत्येकातलं अंतर आकड्यात, आणि क्लायंटची सही. सही मागितली की जे इतके दिवस "अरे एमएसएलच असणार" म्हणत असतात तेच लोक कागद शोधायला लागतात.

बाकीचे शब्द आता भराभर घेते कारण ते कामावर कळतात.

ड्राफ्ट. एकदा जहाजाचा, एकदा ट्रान्सड्यूसरचा, आणि बोट वेगात असली की ती थोडी खाली बसते तो डायनॅमिक ड्राफ्ट वेगळा. "ड्राफ्ट किती टाकलास" विचारलं तर आधी कुठला ते विचारा. डिझेल भरल्यावर, माणसं चढल्यावर तो बदलतो. सकाळी मोजलेला संध्याकाळी चालेल असं नाही.

साउंड व्हेलॉसिटी. मशीनवर बऱ्याचदा १५०० मीटर प्रति सेकंद हा डिफॉल्ट पडलेला असतो. आपल्याकडच्या गरम खाऱ्या पाण्यात, २८ अंशाला, ती साधारण १५४० निघते. म्हणजे मशीन १० मीटर दाखवतंय तिथे खरे १०.२७. पावसाळ्यात खाडीत वर गोडं पाणी आणि खाली खारं असलं की वरच्या थरात १५०० च्या आसपास आणि खाली त्याहून जास्त, मग एकच आकडा घालून चालतच नाही, प्रोफाइल घ्यावं लागतं. सिंगल बीमला, म्हणजे बोटीखाली सरळ एकाच जागेची खोली मोजणाऱ्या साउंडरला, बार चेक करा, साखळीला लावलेली पट्टी ट्रान्सड्यूसरखाली दोन मीटर, चार मीटर अशी सोडत मशीन तेवढंच दाखवतंय का बघायचं. जुनी पद्धत आहे म्हणून नाक मुरडू नका. मल्टीबीमवर, म्हणजे एका वेळी तळाचा रुंद पट्टा मोजणाऱ्या साउंडरवर, जायच्या आधी एक तरी सीझन सिंगल बीमवर काढा असं मी सगळ्यांना सांगते, आणि हे ऐकून बरेच जण नाराज होतात, कारण बायोडेटावर मल्टीबीम छान दिसतं. पण मल्टीबीमचा रंगीत पडदा इतका सुंदर असतो की त्यातली चूकही सुंदर दिसते. सिंगल बीमवर एक चूक म्हणजे एक रेघ वेडीवाकडी, लगेच डोळ्यात येते.

मल्टीबीममध्ये पॅच टेस्ट, म्हणजे मशीन बसवतानाचे कोनांचे आणि वेळेचे फरक शोधायची चाचणी, नीट समजून घ्या, रोल (आडवं डुलणं), पिच (पुढेमागे डुलणं), यॉ (डावी-उजवीकडे वळणं) आणि लेटन्सी (वेळेतला उशीर). रोलला सपाट तळ, एकच लाइन उलटसुलट दिशेने. पिचला उतार किंवा ठळक वस्तू, तीच लाइन उलटसुलट. यॉला शेजारशेजारच्या दोन लाइन, मधे वस्तू. लेटन्सीला तीच लाइन वेगवेगळ्या वेगाने. कुठला कोन कुठल्या तळावर दिसतो हे डोक्यात बसलं की बाकी सॉफ्टवेअर करतं.

गाळ. कोकणातल्या आणि मुंबईच्या खाड्यांत तळ म्हणजे नक्की काय हाच प्रश्न आहे. २०० किलोहर्ट्झच्या आसपासची फ्रिक्वेन्सी पातळ गाळाच्या वरच्या थरावरून परत येते, ३३ ची आत घुसून खालच्या घट्ट थरावरून. दोन रेघा दिसतात, मधे कधी कधी चांगलंच अंतर. कुठली रेघ खोली म्हणून द्यायची हे काँट्रॅक्टमध्ये लिहिलेलं पाहिजे, सर्व्हेअरने बोटीवर ठरवायचं नाही. ह्या बाबतीत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते रेवसच्या एका बोट चालवणाऱ्या तांडेल काकांनी, इंजिनिअरने नाही. बांबू खुपसला की हाताला कुठे मऊ लागतं आणि कुठे थांबतं ते त्यांनी माझ्या हातात बांबू देऊन दाखवलं, मग मी पडद्यावरच्या दोन रेघांकडे बघितलं आणि सगळं एकदम जुळलं. तांडेलांशी नीट बोला, चहा प्या त्यांच्याबरोबर, त्यांना काका म्हणा. खडप कुठे आहे, कुठली वाळू दर पावसाळ्यानंतर सरकते, हे त्यांना ठाऊक असतं.

जुने चार्ट वाचताना एकक बघा. मीटरच्या चार्टवर मोठा ३ आणि पायाशी छोटा २ असेल तर ३.२ मीटर. फॅदमच्या जुन्या चार्टवर अगदी तसंच छापलेलं असेल तर ३ फॅदम २ फूट, म्हणजे २० फूट, म्हणजे ६.१ मीटर. दिसायला डिट्टो सारखं. फॅदम म्हणजे आपला वाव, १.८२८८ मीटर. जुन्या चार्टचा आडवा डेटमही बघा, एव्हरेस्ट एलिप्सॉइडवरचं अक्षांश-रेखांश जसंच्या तसं डब्ल्यूजीएस-८४ मध्ये टाकलं तर जागा शंभर मीटरहूनही जास्त सरकू शकते.

खडकांची चिन्हं इंट-१ ह्या चार्टवरच्या चिन्हांच्या पुस्तिकेतून शिका, तिथे सगळी एकत्र आहेत. फुलीसारखं तारांकित चिन्ह म्हणजे झाकला जाणारा आणि उघडा पडणारा खडक, अधिकच्या चार कोपऱ्यांत चार टिंबं म्हणजे चार्ट डेटमला पाण्याशी बरोबर येणारा, नुसतं अधिक म्हणजे पाण्याखालचा, खोली माहीत नसलेला. पीए म्हणजे जागा अंदाजे, पीडी म्हणजे जागा शंकास्पद, ईडी म्हणजे वस्तू आहे की नाही हाच संशय. ईडी दिसलं म्हणून पुसून टाकायचं नसतं, तिथे जाऊन शोधून, नाही हे सिद्ध करावं लागतं, आणि ते आहे हे सिद्ध करण्यापेक्षा महाग पडतं.

एस-४४ हे सर्व्हेचं स्टँडर्ड, २०२० पासून सहावी आवृत्ती. त्यातल्या अचूकतेच्या चढत्या पायऱ्या म्हणजे ऑर्डर २, १बी, १ए, स्पेशल आणि एक्सक्लुझिव्ह. खोलीची अनिश्चितता टीव्हीयू काढायचं सूत्र आहे, अ चा वर्ग अधिक ब गुणिले खोली ह्याचा वर्ग, त्यांचं वर्गमूळ. स्पेशलला अ ०.२५ आणि ब ०.००७५, १ए ला ०.५ आणि ०.०१३. दहा मीटर खोलीला स्पेशलमध्ये साधारण ०.२६ येतं आणि १ए मध्ये ०.५२, दोन्ही ९५ टक्के खात्रीने. इंटरव्ह्यूला हे हमखास विचारतात म्हणून लोक घोकतात, पण विचारणारा चांगला असेल तर पुढचा प्रश्न असतो की ह्यातला टाइडचा वाटा किती. डेटम चुकला तर ०.२६ ला काय अर्थ राहतो ते तुम्हीच बघा. आणि एस-४४ ची ऑर्डर म्हणजे कॅटझॉक नव्हे. ऑर्डर सर्व्हे कसा करायचा ते सांगते, कॅटझॉक चार्ट वापरणाऱ्याला सांगतो की ह्या भागातल्या माहितीवर किती भरवसा ठेवायचा, ए१ ते डी, आणि यू म्हणजे तपासलेलाच नाही. ए१ मध्ये खोलीची अचूकता ०.५ मीटर अधिक खोलीच्या १ टक्का, सी मध्ये २ मीटर अधिक ५ टक्के आणि जागेला ५०० मीटर. बऱ्याच जणांना वाटतं इलेक्ट्रॉनिक चार्ट म्हणजे नवीन सर्व्हे. नसतो, कित्येकदा तो जुनाच कागद स्क्रीनवर आलेला असतो.

आता शिकायचं कुठे. गोव्यात वास्कोला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हायड्रोग्राफी आहे, नौदलाची, तिथले कॅटेगरी ए आणि बी चे कोर्स आंतरराष्ट्रीय मान्यतेचे आहेत. चार्ट काढणारं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस देहरादूनला. समुद्राचं काम डोंगरात बसून कसं होतं असं मलाही आधी वाटायचं, पण सर्व्हे आणि कार्टोग्राफी ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, एकाचं स्टँडर्ड एस-५ आणि दुसऱ्याचं एस-८. ज्यांना बोट लागते, उन्हात उभं राहणं जमत नाही, त्यांनी निराश होऊ नका, चार्टिंगमध्ये लक्ष देऊन काम करणारी माणसं फार कमी मिळतात. पंधरा दिवसांत "हायड्रोग्राफर" बनवणारे जे सर्टिफिकेट कोर्स असतात त्यावर मात्र पैसे घालू नका, तिथे फार तर सॉफ्टवेअरची बटणं शिकवतात. आधीच्या प्रोजेक्टचं टेम्प्लेट कॉपी करून नवीन काम सुरू करणं हा दुसरा शॉर्टकट, आणि तो मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण टेम्प्लेटबरोबर मागच्या साइटचा डेटम, ड्राफ्ट आणि साउंड व्हेलॉसिटी गुपचूप सोबत येतात. पंधरा मिनिटं वाचतात आणि पूर्ण सर्व्हे वाया जाऊ शकतो.

गुरू निवडताना एवढंच बघा, डेटम विचारल्यावर तो काय करतो. चांगला माणूस थांबतो, कागद काढतो, रेघ मारून दाखवतो. "तू फक्त व्हॅल्यू टाक" म्हणणारा कितीही सीनियर असो, त्याच्याकडून मशीन शिका, हिशोब शिकू नका. मला सुदैवाने पुढे एक निवृत्त नेव्ही सर्व्हेअर भेटले, ते प्रत्येक शीट आधी उलटी धरून फक्त नोट्स वाचायचे, आकड्यांकडे बघायचेच नाहीत. तेव्हा विचित्र वाटायचं, आता मीही तेच करते.

जे आत्ता सुरुवात करताय त्यांच्यासाठी शेवटचं, कारण तुमच्या करिअरमध्येच हे बदलतंय. इलेक्ट्रॉनिक चार्टच्या डेटाचं जुनं स्टँडर्ड एस-५७ हळूहळू मागे पडून एस-१०० आलंय. २०२६ च्या १ जानेवारीपासून जहाजावर एस-१०० चा एक्डिस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चार्ट दाखवणारी यंत्रणा, वापरायला परवानगी आहे, आणि २०२९ च्या १ जानेवारीपासून नवीन बसवला जाणारा प्रत्येक एक्डिस एस-१०० चाच लागेल. त्यात एस-१०१ हा चार्ट, एस-१०२ हा तळाचा दाट ग्रिड, एस-१०४ ही पाण्याची पातळी. तिन्ही एकावर एक टाकून स्क्रीनवर त्या क्षणाची खरी खोली दाखवायची असा विचार आहे. म्हणजे जी वजाबाकी आज आपण पोल वाचून करतो तीच मशीन उलटी, बेरीज म्हणून, दर क्षणाला करणार, आणि ती बरोबर येण्यासाठी एस-१०२ आणि एस-१०४ चं शून्य एकच असायला हवं. ते एकच आहे की नाही हे फाइलच्या मेटाडेटामध्ये व्हर्टिकल डेटमच्या रकान्यात लिहिलेलं असतं, तो रकाना कुठे आहे ते आजच एखादी सँपल फाइल उघडून शोधून ठेवा.